कॅमेऱ्यावाचून चित्र: एमआरआयच्या प्रतिमेचा इतिहास

१/
एमआरआय यंत्रात कॅमेरा नसतो, भिंग नसते, क्ष-किरणांची फिल्मही नसते. रुग्ण एका अरुंद बोगद्यात निजून राहतो, कानांवर ठोके आदळत असतात, आणि काही मिनिटांनी त्याच्या मेंदूचे चित्र बारकाव्यांसह पडद्यावर उमटते. या काळात यंत्राने काहीही पाहिलेले नसते. त्याने रेडिओलहरींच्या पट्ट्यातील एक क्षीण संकेत तेवढा ऐकलेला असतो. ऐकलेल्यातून चित्र काढण्याची ही विद्या कशी घडली, आणि तिच्या वाटेवरील तीन टप्प्यांवर विद्वानांनी ‘हे छापण्याजोगे नाही’ असा निर्वाळा कसा दिला, त्याचा हा इतिहास. (थ्रेड)

२/
आरंभ पॅरिसमध्ये होतो. २१ डिसेंबर १८०७ रोजी जोसेफ फूरिए यांनी फ्रान्सच्या विद्वत्संस्थेपुढे उष्णतेच्या प्रसारावरील निबंध सादर केला. फूरिए हे नेपोलियनबरोबर इजिप्तच्या मोहिमेवर जाऊन आले होते आणि त्या वेळी ग्रनोबल येथे प्रांताधिकारी होते. रस्ते, दलदली आणि दप्तरे सांभाळून त्यांनी हे संशोधन केले होते. घन पदार्थात उष्णता कशी पसरते, हा वरकरणी साधा प्रश्न. पण तो सोडवताना त्यांनी केलेले एक विधान परीक्षकांच्या गळी उतरले नाही.

३/
विधान असे होते: वक्ररेषा कितीही वेडीवाकडी असो, तिच्यात कोपरे असोत वा पायऱ्या असोत, साध्या लहरींची बेरीज करून ती उभी करता येते. उलट बाजूने पाहिले, तर मिश्र संकेतातून त्याच्या घटक लहरी वेगळ्या काढता येतात. तंबोऱ्याच्या चारही तारांचा नाद कानावर एकत्रच येतो. तरी तयार कानाला त्यातला पंचम, षड्ज आणि खर्ज वेगळे ऐकू येतात. कानाच्या या कसबाला फूरिए यांनी गणिताची रीत दिली. कोणती लहर आणि ती किती जोराची, एवढी यादी हाती आली की मूळ आकृती पुन्हा रचता येते.

४/
परीक्षकांमध्ये लाग्रांज, लाप्लास, माँज आणि लाक्र्वा अशी मातब्बर नावे होती. लाग्रांज यांचा आक्षेप मुळावरच होता: गुळगुळीत लहरींच्या बेरजेतून तीक्ष्ण कोपरा कसा निघणार? निबंध छापला गेला नाही. पुढे त्याच विषयावरील स्पर्धेत फूरिए यांना पारितोषिक मिळाले, पण ‘मांडणीत काटेकोरपणा उणा आहे’ अशा आशयाचा शेरा त्यासोबत आला. त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध व्हायला १८२२ साल उजाडले. हा पहिला नकार. लाग्रांज यांची शंका मात्र वाचकांनी लक्षात ठेवावी. थ्रेडच्या अखेरीस ती एका रुग्णाच्या चित्रात पुन्हा भेटणार आहे.

५/
दुसरा धागा विसाव्या शतकातला. चुंबकीय क्षेत्रातले अणुकेंद्रक ठरावीक रेडिओलहरींना प्रतिसाद देते, हे इसिडॉर रबी यांनी १९३८ साली रेणूंच्या झोतावर दाखवले होते. डिसेंबर १९४५ मध्ये हार्वर्ड येथे एडवर्ड पर्सेल, हेन्री टॉरी आणि रॉबर्ट पाउंड यांनी साध्या पॅराफिन मेणात तोच परिणाम टिपला. पुढच्याच महिन्यात स्टॅनफर्ड येथे फेलिक्स ब्लॉख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पाण्यात टिपला. ब्लॉख आणि पर्सेल या दोघांनीही युद्धकाळात रडारशी संबंधित काम केले होते. क्षीण रेडिओसंकेत पकडण्याची हातोटी तिथूनच आली. १९५२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल दोघांना विभागून मिळाले.

६/
या परिणामाचे नाव न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स, म्हणजे एनएमआर. हायड्रोजनचे केंद्रक हा एक चिमुकला चुंबक असतो. बाहेरील प्रबळ चुंबकीय क्षेत्रात तो कलत्या भोवऱ्यासारखा घिरट्या घेतो, आणि त्या घिरट्यांचा वेग क्षेत्राच्या तीव्रतेवर ठरतो: दर टेस्लाला सेकंदाला ४.२५८ कोटी फेरे, म्हणजे ४२.५८ मेगाहर्ट्झ. आजच्या नेहमीच्या १.५ टेस्लाच्या यंत्रात हा आकडा सुमारे ६४ मेगाहर्ट्झ होतो. नेमक्या याच वारंवारितेची रेडिओलहर क्षणभर सोडली की केंद्रके डिवचली जातात, आणि ती लहर थांबल्यावर त्याच सुरात उत्तर देतात.

७/
हे उत्तर अत्यंत क्षीण असते. क्षेत्राच्या दिशेने वळलेली आणि विरुद्ध दिशेने वळलेली केंद्रके जवळपास समसमान असल्याने त्यांचा परिणाम परस्पर नाहीसा होतो. १.५ टेस्लाच्या क्षेत्रात शरीराच्या तापमानाला उरणारे आधिक्य दर दहा लाखांमागे सुमारे पाच, एवढेच. तरीही काम भागते, कारण शरीरात पाणी मुबलक आहे. एक घन मिलिमीटर पाण्यात हायड्रोजनची इतकी केंद्रके असतात, की दहा लाखांत पाच म्हटले तरी ती तीनशे लाख कोटींहून अधिक भरतात.

८/
पुढील पंचवीस वर्षे एनएमआर ही रसायनशास्त्रज्ञांची विद्या होती. रेणूतील प्रत्येक हायड्रोजनला शेजारच्या अणूंमुळे किंचित वेगळे क्षेत्र जाणवते, म्हणून त्याचा सूरही किंचित वेगळा लागतो. त्या सूक्ष्म फरकांवरून रेणूची रचना ओळखता येते. यासाठी चुंबकाचे क्षेत्र संपूर्ण नमुन्यात एकसारखे हवे. क्षेत्र एका बाजूला जरा जरी जास्त झाले, तर सूर पसरून एकमेकांत मिसळत. ही असमानता घालवण्यासाठी प्रयोगशाळा जिवाचे रान करीत. चुंबकाभोवती दुरुस्तीची वेटोळी बसवीत, नमुन्याची नळी गरगर फिरवीत. असमान क्षेत्र हा त्यांचा शत्रू होता. पुढे याच शत्रूला कामाला लावले गेले.

९/
त्याआधी ऐकण्याची रीत बदलावी लागली. जुन्या पद्धतीत एकेक वारंवारिता क्रमाने तपासली जाई. जणू पेटीची एकेक पट्टी दाबून कोणती तार झंकारते ते पाहावे. कॅलिफोर्नियातील व्हेरियन कंपनीत रिचर्ड अर्न्स्ट आणि वेस्टन अँडरसन यांनी निराळा मार्ग धरला. एक छोटा, जोरकस रेडिओ-ठोका द्यायचा, सर्व केंद्रकांना एकदम बोलू द्यायचे, आणि आलेल्या गलक्यातून फूरिएंच्या गणिताने एकेक सूर वेगळा काढायचा. वेळ कितीतरी वाचला. तेवढ्याच वेळात मोजणी अनेकदा करून बेरीज घेता येऊ लागल्याने क्षीण संकेतही गोंगाटातून वर आला.

१०/
हा शोधनिबंध रासायनिक भौतिकीच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकाने दोनदा परत केला. अखेर १९६६ साली तो उपकरणांविषयीच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हा दुसरा नकार. पुढे या पद्धतीवाचून एनएमआरची प्रयोगशाळा चालेनाशी झाली, आणि १९९१ चे रसायनशास्त्राचे नोबेल एकट्या अर्न्स्ट यांना मिळाले. ती वार्ता त्यांना कळली तेव्हा ते मॉस्कोहून न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या विमानात होते.

११/
फूरिएंची रीत हाताने वापरणे जिकिरीचे होते, आणि संगणकालाही जड जाई. १९६५ साली जेम्स कूली आणि जॉन ट्युकी यांनी ती आकडेमोड झपाट्याने करण्याची युक्ती प्रसिद्ध केली. तिला चालना देणाऱ्या गरजांपैकी एक शीतयुद्धातली होती: भूकंपमापकांच्या नोंदींवरून सोव्हिएत अणुचाचण्या ओळखणे. (तत्सम युक्ती गाउस यांनी १८०५ च्या सुमारास लिहून ठेवली होती, हे मागाहून ध्यानात आले.) फरक किती? २५६ नोंदींसाठी सरळ मार्गाने ६५,५३६ गुणाकार लागतात. जलद मार्गाने सुमारे २,०४८. २५६ ओळी आणि २५६ स्तंभांच्या चित्रासाठी ही आकडेमोड ५१२ वेळा करावी लागते. म्हणजे एकीकडे सव्वातीन कोटींहून अधिक गुणाकार, दुसरीकडे जेमतेम साडेदहा लाख.

१२/
आता वैद्यकाचा प्रवेश. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कचे वैद्य-संशोधक रेमंड डमॅडियन यांनी ‘सायन्स’मध्ये एक निरीक्षण मांडले: उंदरांतील कर्कग्रस्त ऊतींमधली केंद्रके डिवचल्यानंतर मूळ स्थितीला येण्यास निरोगी ऊतींपेक्षा अधिक वेळ घेतात. म्हणजे एनएमआरला ऊतींमधला भेद कळतो. आजच्या एमआरआय चित्रात काही भाग उजळ आणि काही गडद दिसतात, त्याचे एक प्रमुख कारण हेच. परंतु त्यासाठी ऊती शरीराबाहेर काढून नळीत घालाव्या लागत. जिवंत शरीरात हा संकेत नेमका कुठून येतो, हे सांगण्याचा मार्ग त्या निबंधात नव्हता.

१३/
तो मार्ग २ सप्टेंबर १९७१ रोजी रसायनशास्त्रज्ञ पॉल लॉटरबर यांना सुचला. पिट्सबर्गजवळच्या एका एनएमआर कंपनीत डमॅडियन यांच्यासारखेच उंदरांवरील प्रयोग चालले होते आणि लॉटरबर ते पाहत होते. प्राण्याचा जीव घेऊन ऊती कापण्याऐवजी बाहेरूनच जागा कशी ओळखावी, हा विचार त्यांच्या मनात घोळत होता. त्या संध्याकाळी एका साध्या उपाहारगृहात खाताना उत्तर गवसले. त्यांनी ते वहीत उतरवले आणि दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याची साक्षीदार म्हणून सही घेतली. उत्तर असे होते: क्षेत्र मुद्दामच असमान करावे.

१४/
कल्पना करावी की एका अंधाऱ्या सभागृहात गायक रांगांनी बसले आहेत. सर्वांनी एकच सूर लावला, तर बाहेर उभ्या असलेल्याला कोण कुठे बसले आहे हे कळणार नाही. पण डावीकडून उजवीकडे जाताना प्रत्येक रांगेला आधीच्या रांगेपेक्षा किंचित चढा सूर दिला, तर बाहेरच्याला सुरावरून रांग ओळखता येईल आणि त्या सुराच्या जोरावरून रांगेत किती जण आहेत तेही. लॉटरबर यांनी मुख्य क्षेत्रावर दुसरे, एका बाजूकडे चढत जाणारे क्षेत्र ठेवले. याला ग्रेडियंट म्हणतात. आता प्रत्येक जागेच्या केंद्रकांचा सूर वेगळा झाला. दर मीटरला १० मिलिटेस्ला एवढा चढ असेल, तर एका मिलिमीटरच्या अंतराने सूर सुमारे ४२६ हर्ट्झने बदलतो. वारंवारिता हाच पत्ता झाला, आणि तो पत्ता वाचण्याचे काम फूरिएंच्या गणिताकडे आले.

१५/
या युक्तीने प्रकाशशास्त्रातला एक जुना बांध ओलांडला. भिंगाने प्रतिमा घेताना तरंगलांबीहून फार लहान तपशील दिसत नाहीत. ६० मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरीची लांबी सुमारे पाच मीटर. तिने मिलिमीटरची वस्तू दाखवावी, हे ऐकणाऱ्याला अशक्यच वाटणार. लॉटरबर यांनी जड पाण्याने भरलेल्या ४.२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत साध्या पाण्याच्या दोन काचनलिका ठेवल्या, प्रत्येकी एक मिलिमीटर व्यासाची. ४५ अंशांच्या अंतराने चार दिशांनी ग्रेडियंट लावून चार ‘सावल्या’ मोजल्या आणि त्यांवरून २० × २० चौकटींचे चित्र संगणकाने रचले. धूसर, पण दोन वेगळे ठिपके त्यात स्पष्ट होते.

१६/
‘नेचर’ने हा निबंध प्रथम नाकारला. लॉटरबर यांनी फेरविचाराची विनंती केली, मजकुरात भर घातली, आणि १६ मार्च १९७३ च्या अंकात तो प्रसिद्ध झाला. हा तिसरा नकार. त्यांनी तंत्राला ‘झ्यूग्मॅटोग्राफी’ असे नाव दिले होते. ग्रीक ‘झ्यूग्मा’ म्हणजे जोडणारे, जू. चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहर यांना एका जोखडाला जुंपले, असा भाव. नाव रुळले नाही. त्यांच्या विद्यापीठाने पेटंटचा खर्च वसूल होणार नाही असे ठरवून तो विषय सोडून दिला. लॉटरबर यांनी पुढे एका लहानशा शिंपल्यातल्या जिवाचे चित्र घेतले. तो शिंपला त्यांच्या मुलीने समुद्रकिनाऱ्यावरून आणला होता.

१७/
सावल्यांवरून वस्तू उभी करण्याचे गणित मात्र नवे नव्हते. योहान राडॉन यांनी ते १९१७ सालीच सोडवले होते. सीटी स्कॅनचा जन्मही १९७१ चाच. रोनाल्ड ब्रेसवेल यांनी १९५६ साली हेच गणित रेडिओ-खगोलशास्त्रासाठी मांडले होते. इथे एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. ब्रेसवेल यांच्या मार्गदर्शनाखाली स्टॅनफर्डला पीएचडी केलेले गोविंद स्वरूप यांनी पुढे नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी ही रेडिओदुर्बीण उभारली. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्याही आकाशाचे छायाचित्र काढीत नाहीत. त्या आकाशाच्या प्रतिमेतील लहरी मोजतात आणि संगणक फूरिएंच्या रीतीने चित्र रचतो. दूरची दीर्घिका आणि माणसाचा गुडघा, दोन्हींची चित्रे एकाच गणिताची लेकरे आहेत.

१८/
इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे पीटर मॅन्सफिल्ड स्वतंत्रपणे याच दिशेने निघाले होते. पंधराव्या वर्षी शाळा सोडून छापखान्यात काम केलेला हा माणूस पुढे भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. स्फटिकातून क्ष-किरणांचे विवर्तन होते, तसेच ग्रेडियंटच्या साहाय्याने एनएमआरमध्ये घडवता येईल, हा त्यांचा १९७३ मधला विचार. १९७४ साली त्यांच्या गटाने ठोका देतानाच ग्रेडियंट लावून शरीराचा एकच पातळ काप डिवचण्याची पद्धत दाखवली. १९७७ साली त्यांनी एकाच ठोक्यात संपूर्ण चित्र मिळवण्याची कल्पना मांडली. १९७८ मध्ये पोटाचे चित्र घेण्याची वेळ आली तेव्हा धोक्याचे इशारे मिळूनही ते स्वतःच प्रथम यंत्रात गेले.

१९/
आजच्या एमआरआयचा खरा आराखडा १९७५ साली झुरिकमधून आला. १९७४ मध्ये लॉटरबर यांचे व्याख्यान ऐकताना अर्न्स्ट यांना जाणवले की ग्रेडियंट निरनिराळ्या दिशांनी फिरवत बसण्याची गरज नाही. तो एकामागून एक दोन दिशांना लावला, तर फूरिएंच्या गणिताने दोन्ही पत्ते सरळ मिळतील. अनिल कुमार, डीटर वेल्टी आणि अर्न्स्ट यांच्या नावावर हा निबंध निघाला. पहिले नाव एका भारतीयाचे आहे. आयआयटी कानपूर येथे पीएचडी करून झुरिकला गेलेले अनिल कुमार नंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापक झाले. एमआरआयच्या लोकप्रिय इतिहासांत हे नाव क्वचितच भेटते.

२०/
दोन पत्त्यांची ही युक्ती घड्याळांवरून समजते. भिंतीवर ओळींनी घड्याळे टांगली आहेत आणि सर्वांचे काटे बारावर आहेत. थोडा वेळ वरच्या ओळी जलद आणि खालच्या सावकाश चालू दिल्या, मग सर्वांचा वेग पुन्हा सारखा केला. आता काटे सारख्याच गतीने फिरतात, पण वरच्यांचे पुढे आणि खालच्यांचे मागे पडलेले असतात. या तफावतीला ‘फेज’ म्हणतात. एकाच मोजणीतून ओळी वेगळ्या करता येत नाहीत. म्हणून दर खेपेला ही तफावत थोडी वाढवून मोजणी पुन्हा घ्यायची. खेपेगणिक ज्या ओळीचा काटा जितक्या झपाट्याने सरकतो, त्यावरून तिची जागा ठरते. आडवा पत्ता सुरातून, उभा पत्ता फेजमधून.

२१/
या रीतीत एक उणीव होती. तफावत वाढवण्यासाठी ग्रेडियंट दर खेपेला अधिक काळ लावला जाई, आणि तेवढ्यात संकेत विरत जाई. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन मॅलार्ड यांच्या विभागात विल्यम एडेलस्टाइन, जेम्स हचिसन आणि सहकाऱ्यांनी तोड काढली: काळ तोच ठेवायचा, ग्रेडियंटचा जोर तेवढा बदलायचा. पद्धतीचे नाव ‘स्पिन-वार्प’. अवघ्या ०.०४ टेस्लाच्या चुंबकावर २८ ऑगस्ट १९८० रोजी त्यांनी एका रुग्णाची प्रतिमा घेतली. त्याला अन्ननलिकेचा कर्करोग होता. चित्रात तो दिसलाच, शिवाय यकृतात आणि हाडांत पसरलेला रोगही दिसला. त्या रुग्णासाठी ती वार्ता क्लेशाची होती. वैद्यकासाठी, निदानाला उपयोगी पडलेले हे पहिले संपूर्ण शरीराचे एमआरआय ठरले.

२२/
या साऱ्या मोजण्या जिथे साठतात त्या कोष्टकाला १९८३ साली स्टिग युंगग्रेन आणि डोनाल्ड ट्विग यांनी स्वतंत्रपणे जी मांडणी दिली ती ‘के-स्पेस’ म्हणून ओळखली जाते. तिच्याकडे पाहिले तर मधोमध एक उजळ ठिपका आणि भोवती विरत जाणारी आभा दिसते; अवयवाचा मागमूस नाही. मधल्या नोंदींत चित्राचा ढोबळ उजळपणा आणि आकार असतो, कडेच्या नोंदींत बारीक रेषा आणि कंगोरे. मधला भाग पुसला तर रेखाचित्रासारख्या कडा उरतात. कडा पुसल्या तर धुक्यातले चित्र उरते. या कोष्टकातील कोणतीही एक नोंद शरीराच्या एका जागेची नसते. प्रत्येक नोंदीत संपूर्ण काप सामावलेला असतो.

२३/
बोगद्यातल्या ठोक्यांचे रहस्यही यातच आहे. ग्रेडियंटच्या वेटोळ्यांतला विद्युतप्रवाह झपाट्याने चालू-बंद होतो. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात त्यांवर बल पडते आणि ती थरथरतात. रुग्ण जे ऐकतो तो चित्राची एकेक ओळ मोजली जात असल्याचा आवाज. अशा २५६ ओळी आणि प्रत्येकीनंतर दोन सेकंदांची विश्रांती धरली, तर साधारण साडेआठ मिनिटे होतात. म्हणून ‘हलू नका’ असे सांगतात. मॅन्सफिल्ड यांच्या पद्धतीने हाच प्रवास सेकंदाच्या अंशात होऊ लागला आणि मेंदूचे कार्य चालू असताना त्याची चित्रे घेणे शक्य झाले. ‘न्यूक्लिअर’ हा शब्द मात्र लोकांना अणुबाँबची आठवण देतो म्हणून नावातून गळला.

२४/
श्रेयाचा वाद अपरिहार्य होता. डमॅडियन यांनी १९७२ मध्येच पेटंटसाठी अर्ज केला होता. ते १९७४ साली मिळाले. ३ जुलै १९७७ रोजी ‘इंडोमिटेबल’ या आपल्या यंत्राने त्यांनी मानवी छातीचे चित्र घेतले. ग्रेडियंटने सर्व जागा एकदम न मोजता एकेक बिंदू मोजावा लागल्याने त्याला जवळपास पाच तास लागले. २००३ चे वैद्यकाचे नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना मिळाले तेव्हा डमॅडियन यांच्या बाजूने वृत्तपत्रांत पानभर जाहिराती झळकल्या. ऊतींमधला भेद मोजता येतो, हे त्यांनी दाखवले, यात संशय नाही. पण आज रुग्णालयांत जे चित्र निघते, ते ग्रेडियंट आणि फूरिए यांच्या मार्गाने निघते. त्या मार्गावरचे अनिल कुमार, वेल्टी, एडेलस्टाइन, हचिसन हे तर वादाच्या कक्षेतही आले नाहीत.

२५/
आता लाग्रांज यांची शंका. गुळगुळीत लहरींतून तीक्ष्ण कडा खरोखर उभी राहते का? लहरी अमर्याद घेतल्या, तर फूरिए बरोबर. पण यंत्र मोजक्याच लहरी मोजते. त्यामुळे जिथे उजळ भाग एकदम गडद होतो तिथे कडेची उंची सुमारे नऊ टक्क्यांनी ओलांडली जाते आणि शेजारी खोट्या समांतर रेषा उमटतात. याला ‘गिब्ज परिणाम’ म्हणतात. मणक्याच्या चित्रात मज्जारज्जूच्या मधोमध अशी रेषा पडली, तर ती द्रवाने भरलेल्या पोकळीसारखी, म्हणजे एका खऱ्या आजारासारखी भासते. हालचालीने अवयवाच्या सावल्या फेजच्या दिशेने पुन्हा पुन्हा उमटतात. चौकट लहान पडली, तर नाक डोक्याच्या मागे दिसते. १८०७ सालचा आक्षेप आजही तपासणीच्या खोलीत हजर आहे, आणि तो ज्याला माहीत असतो तो तज्ज्ञ निरोगी माणसाला रोगी ठरवत नाही.

२६/
एमआरआयचे चित्र हे त्या अर्थाने छायाचित्रापेक्षा इतिहासलेखनाच्या अधिक जवळचे आहे. मूळ घटना डोळ्यांपुढे नसते; हाती येतो तो एकमेकांत मिसळलेल्या आवाजांचा अवशेष, आणि नियम ठाऊक असल्यास त्यातून कोण कुठे होते ते काढता येते. साधन कसे तयार झाले हे ज्याला ठाऊक, त्यालाच त्यातला पुरावा कोणता आणि साधनाने घातलेली भर कोणती, हे ओळखता येते. फूरिए यांचा निबंध परत आला, अर्न्स्ट-अँडरसन यांचा आला, लॉटरबर यांचाही आला. परीक्षक अडाणी नव्हते; लाग्रांज यांची शंका तर अर्धी खरी निघाली. कामे टिकली ती कर्त्यांनी ती पुन्हा मांडली म्हणून.

(समाप्त)